नुसते पाय बुडवायला

पाणीपुरवठा कचेरीतली तीन नंबरची खिडकी तक्रारींची. तिथे बसणाऱ्या बाईला अठरा वर्षं झाली, पण 'आमच्याकडे पाणी अगदी व्यवस्थित येतं हो, तेवढंच सांगायला आलो' असं म्हणणारा एकही माणूस त्या खिडकीशी फिरकलेला नाही. येतात ते तणतणतच येतात. नळाला पाणी नाही. आहे तर गढूळ आहे. स्वच्छ आहे तर वरच्या मजल्यावर चढत नाही. चढतं तेव्हा आम्ही झोपलेलो असतो! जसं काही या बाईच नळ पिरगाळून बसल्यात. बाई ऐकून घेतात, अर्ज लिहून घेतात, शिक्का मारतात आणि 'बघतो' म्हणतात. पाच वाजता खिडकीची फळी ओढली तरी कानात माणसं बोलतच असतात.

कचेरीत त्यांना सगळे 'तीन नंबर' म्हणतात. घरी नवरा 'अगं' म्हणतो, लेक 'आई' म्हणते. आणि थोरला भाऊ म्हणतो 'बारकी'. पन्नाशीला टेकलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या, नाकावर जाड चष्मा असलेल्या बाईला बारकी म्हणणारा आता तो एकटाच उरला आहे. आपणही तिला बारकीच म्हणू या. तिला ते फार आवडतं.

बारकीचा नवरा गाड्यांच्या सीटा शिवतो. मोठ्या रस्त्यावर त्याचं पत्र्याचं दुकान आहे. आत रेक्झिनचे तागे, फोमच्या लाद्या, शिवणीवर बसवायच्या पायपिंगची भेंडोळी आणि एक जुनं, जड, पायाने चालवायचं मशीन. गाडी दुकानासमोर उभी राहिली की हा दार उघडून आत शिरतो, अंगाची घडी करून मापं घेतो, ओठांत टाचण्या धरून सीटेच्या पाठीशी झटापट करतो. हात असा सफाईदार की शिवण कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते शोधून सापडायचं नाही. उन्हाळ्यात तर त्याच्याकडे रांग लागते. सहलीला निघण्याआधी प्रत्येकाला आपली गाडी नवरीसारखी सजवून हवी असते.

आणि या माणसाला, हसू नका, गाडी लागते.

उभ्या गाडीत तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसेल, काही होणार नाही. चाक दोनदा फिरलं की संपलं. आधी जांभया, मग घाम, मग चेहरा पुदिन्याच्या रंगाचा, आणि मग गाडीवाल्याने आपल्या नव्या कोऱ्या सीटेची आशा सोडायची. स्वतःच्या लग्नालासुद्धा हा गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत आला होता, आणि वऱ्हाडी मंडळी गाडीत बसून त्याच्या मागून बैलगाडीच्या वेगाने येत होती. बारकीच्या भावाची, म्हणजे दादाची, यावरची कोटी चोवीस वर्षं जुनी आहे. "लोकांची गाडी फलाटाला लागते, आमच्या मेहुण्यांना फलाटावरच लागते!" दरवर्षी तो ती करतो आणि दरवर्षी स्वतःच सगळ्यांत जास्त हसतो.

आता बारकीच्या नवऱ्याबद्दल कुणी वाकडा शब्द काढेल तर तो मी ऐकून घेणार नाही. सोन्यासारखा माणूस. व्यसन नाही, रागावणं नाही, कधी आवाज चढवणं नाही. एकच गोष्ट, तो बोलतो. उठल्यापासून झोपेपर्यंत बोलतो. आज कुठली गाडी आली, गाडीवाला काय म्हणाला, त्यावर मी काय म्हणालो, मग तो काय म्हणाला, आणि खरं म्हणजे मी काय म्हणायला हवं होतं. आणि काळजी करतो. बारकीला कचेरीतून यायला दहा मिनिटं उशीर झाला तर हा बस थांब्यावर उभा. पंधरा मिनिटं झाली तर तिथल्या पानवाल्यापासून पोलिसापर्यंत सगळ्यांना तिच्या साडीचा रंग तोंडपाठ झालेला असतो.

घरामागे चार पावलांची मोकळी जागा आहे, तिथे त्याची बाग. बाग म्हणजे काय, दुकानात उरलेल्या रेक्झिनच्या पिशव्या. पण त्याने शिवलेल्या, म्हणजे काठाला पायपिंग, तळाला दुहेरी टीप आणि धरायला दोन कान. कुणाच्या तरी लाल मोटारीच्या उरलेल्या तुकड्यात टोमॅटो, कुणाच्या निळ्या टेम्पोत पुदिना. भंगारात गेलेल्या एका सीटेचा सांगाडा त्याने भिंतीला टेकवून उभा केला आहे, त्याच्या स्प्रिंगांमधून काकडीचा वेल वर चढतो. संध्याकाळी तिघं तिथे जमतात. तो झारीने पाणी घालतो, लेक काकड्या मोजते, बारकी पिवळी पानं खुडते. कालची बोटाएवढी काकडी आज वीतभर झालेली असते आणि तिघांनाही त्याचं रोज नव्याने नवल वाटतं. पहिली काकडी तिथेच, उभ्या उभ्या, मीठ लावून खायची, हा त्यांचा नेम. त्या अर्ध्या तासात बारकीला वाटतं, आणखी काय हवं असतं माणसाला? हे वाटणं शंभर टक्के खरं आहे. फक्त त्या अर्ध्या तासातही तो बोलत असतो. झाडांशी.

पण बारकीला आणखी एक गोष्ट हवी असते. वर्षातून एकदा.

उन्हाळ्यातल्या एका रविवारी दादा आणि वहिनी पहाटे गाडी घेऊन येतात. बारकी मागच्या सीटवर बसते. तीन तासांचा रस्ता, त्यातला पुढचा निम्मा डोंगरातला, वळणावळणाचा, आणि मग तळं. मोठं, निवांत, काठाला झाडं असलेलं. लेक बापावर गेलेली, तिलाही गाडी लागते, त्यामुळे बापलेक घरी राहून झाडांना पाणी घालतात. आणि बारकी पोहते.

हो, पोहते. लहानपणी दादाने तिला गिरणीमागच्या कालव्यात ढकलून शिकवलं होतं. तिचा पोहायचा जुना सुती ड्रेस वर्षभर वहिनीच्या कपाटात असतो. तो चढवायचा, चष्मा वहिनीच्या हातात द्यायचा आणि पाण्यात शिरायचं. एका दमात पलीकडच्या काठाला जायचं, आणि परत येताना मध्यावर, जिथे तळ लागत नाही तिथे, उताणं व्हायचं. कान पाण्याखाली. की संपलं! खिडकी नाही, अर्ज नाही, गढूळ पाणी नाही, 'अगं ऐकलंस का' नाही. वर आभाळ, आणि कानात पाण्याचा एक हलका सूर. तासभर ती अशी पडून राहते. गुडघे दुखत नाहीत. वय आठवत नाही. वर्षाच्या उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांत खिडकीशी कुणी फारच अंगावर आलं, तर ती डोळे मिटून तो एक तास आठवते आणि मग डोळे उघडून 'बघतो' म्हणते.

यातलं नवऱ्याला काही म्हणजे काही माहीत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात ती तळ्यावरून परत आली तेव्हा त्याला सगळं सांगायचं म्हणून तिच्या पोटात मावत नव्हतं. पण गाडी कोपऱ्यावर वळली तर हा उभा. दुपारी चारपासून उभा होता म्हणे. चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा. पहिला प्रश्न, "पाण्यात नाही ना गेलीस?" त्याला पाण्याची भीती, नुसती भीती नव्हे, धसका. बारकीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "छे! नुसते पाय बुडवून बसले." दादा-वहिनीलाही तिने डोळ्यांनी दटावलं. झालं. चार शब्द. तिला वाटलं, कशाला बिचाऱ्याच्या जिवाला घोर? ती चार शब्दांची थाप चोवीस वर्षं सुखाने चालली. तो दरवर्षी विचारायचा, "बुडवलेस का पाय?" आणि ती म्हणायची, "बुडवले."

यंदाच्या उन्हाळ्याच्या तोंडाला नवरा विचित्र वागायला लागला. दुकानातून उशिरा यायचा. आला की पांढराफटक, बोलायचा नाही, सरळ आडवा व्हायचा. न बोलणारा नवरा पाहून बारकीला एकच वाटलं. काहीतरी मोठं दुखणं आहे आणि हा लपवतोय. मग एक दिवस त्याचा सदरा धुवायला काढला तर खिशात बसची तिकिटं. एक नाही, दोन नाही, गठ्ठाच. बारा नंबरची बस. जो माणूस बसच्या वाऱ्याला उभा राहत नाही, त्याच्या खिशात तिकिटं? कचेरीतल्या दोन नंबरच्या बाईंनी मान हलवून सांगितलं, "या वयात पुरुष असेच बिघडतात हो." बारकी भडकली. बिघडायचं असेल तर चालत जाऊन बिघडेल, पण हा बसने जाणं शक्य नाही, एवढी तिला खात्री होती.

रात्रीच्या जेवणाला तिने तिकिटं ताटाशेजारी ठेवली. "हे काय आहे?"

बाप लेकीकडे बघायला लागला, लेक बापाकडे, आणि दोघंही फिसकन हसली.

"सांगू का, बाबा?" लेक म्हणाली.

"नको, मी सांगतो." तो ताठ बसला. "अगं, मी सराव करतोय. पहिल्या आठवड्यात एकच थांबा. उतरलो की गटारापाशी... जाऊ दे, जेवतोय आपण. मग दोन थांबे. मग तीन. अकरा आठवडे झाले. काल हॉस्पिटलच्या थांब्यापासून थेट शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो, आणि परत आलो! लिंबू हुंगत, समोर बघत, एक अक्षर न बोलता. कंडक्टरने टाळ्या वाजवल्या, विचार हवं तर."

"पण कशासाठी?"

"कशासाठी म्हणजे?" त्याला खरंच नवल वाटलं. "तुझ्यासाठी! चोवीस वर्षं तू एकटी जातेस. दादा-वहिनी जोडीने असतात आणि तू आपली एका बाजूला पाय बुडवून बसतेस. मला इथे झारी हातात धरवत नाही. यंदा मी येणार तुझ्याबरोबर."

बारकीच्या डोळ्यांत पाणी आलं. बापलेकींनी, साहजिकच, त्याचा अर्थ आपापल्या सोयीने लावला. लेक म्हणाली, "बघा, मी म्हटलं नव्हतं, आई रडणार!"

आणि ती खरोखरच त्याच्यासाठी रडली, हेही सांगितलं पाहिजे. गटाराच्या काठाशी ओणवा होऊन उभा असलेला आपला नवरा तिला डोळ्यांसमोर दिसला आणि गलबलून आलं. पण त्याच्या मागोमाग, लाज वाटावी इतक्या लगेच, दुसरा विचार आला. माझा तास गेला.

तिने हातपाय हलवून बघितले. "झाडांना पाणी कोण घालणार?" लेक म्हणाली, "मी आहे की." त्यावर नवरा म्हणाला, "हिच्यावर काय विसंबायचं, मी सोय केली आहे." आणि त्याने दाखवलं. प्रत्येक पिशवीत एकेक बाटली उलटी खोचलेली, तिच्या तोंडात कापडाची वात. "थेंब थेंब झिरपतं. दोन दिवस आपण मेलो तरी काकड्यांना कळणार नाही." बारकीने वाकून पाहिलं. झिरपत होतं खरंच, एका लयीत.

मग तिने दुपारच्या सुट्टीत दादाला फोन लावला. म्हणणार होती, दादा, काहीतरी कारण काढ, गाडीत जागा नाही म्हण. पण फोन उचलल्या उचलल्या दादा ओरडला, "बारके! कळलं मला! मेहुणे येतायत! अगं काय माणूस आहे हा! परवा येऊन माझ्या गाडीची सगळी रेक्झिन उतरवून घेऊन गेला, वासाने मळमळतं म्हणून सुती कव्हरं शिवून बसवतोय. तुझी वहिनी तर रडलीच ऐकून. तीन-तीन थांबे, चार-चार थांबे! माझ्यासाठी कुणी दोन पायऱ्या चढलं नाही आजवर!"

"हो ना," बारकी म्हणाली.

"काही म्हणत होतीस का?"

"नाही. सहज केला."

फोन ठेवला आणि समोर एक आजोबा उभे, हातात गढूळ पाण्याची बाटली. तिने अर्ज पुढे सरकवला.

खरं सांगून टाकायचं, असंही तिच्या मनात आलं. रोज आलं. पण काय सांगणार? 'अहो, तुम्ही येऊ नका, मला तुमच्याशिवाय बरं वाटतं'? अकरा आठवडे पोटातलं बाहेर काढलेल्या माणसाला? आणि ते तसं नव्हतंही. त्याच्याशिवाय बरं वाटतं असं नव्हतं, कुणीच नसलं की बरं वाटायचं. हे वाक्य जोडून तिला बोलता येईना. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या तक्रारी लिहून घेतलेल्या बाईला स्वतःची एक लिहिता आली नाही.

रविवार उजाडला. पहाटे नवरा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, हातात लिंबू घेऊन टेबलाशी बसला होता. परीक्षेला निघाल्यासारखा. लेकीने कागदावर लिहून ठेवलं होतं, 'बाबांना फक्त कोरडा टोस्ट. दूध अजिबात नाही.' दूध म्हणजे त्याचा जीव की प्राण, आणि दूध पोटात असलं की तो पहिल्या वळणालाही टिकत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. बारकीने मोठा पेला भरून दूध तापवलं. साखर घातली. त्याच्यासमोर ठेवलं.

तो तिच्याकडे बघून हसला. "चालेल?"

त्याने पेला उचलला. इतक्या विश्वासाने उचलला की बारकीने पुढे होऊन तो त्याच्या हातातून काढून घेतला आणि उभ्या उभ्या, जीभ भाजत, स्वतःच पिऊन टाकला. "नको," ती म्हणाली, "त्रास होईल तुम्हाला." आणि टोस्टची बशी पुढे ढकलली. वर त्याला पुढची सीटही दिली आणि काच खाली करून ठेवली. काय करणार! चांगुलपणाची एकदा सवय लागली की हात आपले आपण चालतात.

निम्म्या वाटेपर्यंत तो दगडासारखा बसला. एक अक्षर नाही. दादा मधून मधून विचारायचा, "मेहुणे, शाबूत?" आणि हा बोट वर करायचा. मग डोंगर सुरू झाला. चौथ्या वळणावर बोट वर झालं नाही. दादाने गाडी थांबवली. बारकी धावत उतरली, त्याचं कपाळ धरलं, पाठीवरून हात फिरवला, तोंड धुवायला पाणी दिलं. आणि पाणी देता देता तिच्या मनात आशेने डोकं वर काढलं.

"अहो, परत फिरू या का? कशाला जिवाचे हाल?"

"छे!" तो तोंड पुसत म्हणाला. "इथून परत गेलो काय आणि पुढे गेलो काय, अंतर सारखंच. मग पुढेच जाऊ."

गणित बरोबर होतं. तीन डोंगर ओलांडल्यावर पुन्हा एकदा गाडी थांबली, पुन्हा तिने कपाळ धरलं. या वेळी तिने काही विचारलं नाही.

तळं तसंच होतं. काठाची झाडं, पलीकडची टेकडी, पाण्यावर ऊन. वहिनीने सतरंजी पसरली, डबे काढले. बारकीला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, "ड्रेस आणलाय गं. डिकीत आहे."

"राहू दे," बारकी म्हणाली.

नवरा झाडाखाली आडवा झाला होता. अर्ध्या तासाने उठून बसला, चेहऱ्यावर रंग आला, आणि सोबत आवाजही आला. सकाळपासून तुंबलेलं सगळं एकदम बाहेर. केवढं पाणी! किती खोल असेल? कुंपण कसं नाही? आणि ती टेकडी! अगं, तू कधी सांगितलं नाहीस टेकडी आहे म्हणून! मग त्याने पँट गुडघ्यापर्यंत गुंडाळली, चपला काढून नीट जोडीने ठेवल्या आणि हात पुढे केला.

"चल. पाय बुडवू."

दोघं काठाशी गेली. पाण्याचा पहिला स्पर्श झाला तसा त्याने डोळे गच्च मिटले, पण मागे सरला नाही. घोटे बुडाले. मग पोटऱ्या. त्याने तिचं मनगट असं आवळलं होतं की बांगडी रुतत होती. दादा एव्हाना सूर मारून पार मधे पोचला होता. सवयीने ओरडला, "बारके, ये की! पाणी काय मस्त आहे!"

"नाही हो, दादा!" नवऱ्यानेच उत्तर दिलं. "तिला आपले पाय बुडवायलाच आवडतात!"

दादा हात मारायचा थांबला. बारकीकडे त्याने पाहिलं, आणि डुबकी मारली.

पाणी गार होतं. मधे, दादा होता त्याच्या थोडं उजवीकडे, तिची जागा होती. दिसत होती. बारकीला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. तिने श्वास घेतला.

"अहो, मला पोहता येतं."

"काय येतं?"

"पोहता. दादाने शिकवलंय. मी दरवर्षी पोहते इथे. त्या पलीकडच्या काठाला जाऊन येते."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिचा चष्मा, अंबाडा, गुडघ्यापर्यंत उचलून धरलेली साडी. आणि तो हसायला लागला. असा हसला की सकाळचं सगळं दुखणं विसरला. "दादा! अहो दादा! ऐकलंत का? ही म्हणते मला पोहता येतं! पलीकडे जाऊन येते म्हणते!"

दादा पाण्यातून वर आला होता. त्याने बहिणीकडे पाहिलं. बिचारा चोवीस वर्षं गुपित सांभाळत आलेला. त्याला वाटलं, बारकी अडचणीत सापडली आहे, सांभाळून घेतलं पाहिजे.

"कोण, बारकी?" तो ओरडला. "ती? ती आंघोळीची बादलीसुद्धा एका दमात पोहून जाते हो!"

नवरा पोट धरून हसला. काठावर वहिनीही हसली. आणि काय करावं ते न सुचून बारकीही हसली.

मग तिने एक पाऊल पुढे टाकलं. नुसतं टाकलं. पाणी मांडीपर्यंत आलं, पायाखालची वाळू उताराला लागली. आणखी दोन पावलं, आणि अंग झोकून दिलं असतं की झालं असतं, मग कुणाला काही सांगायची गरजच नव्हती. त्याचं हसणं तटकन थांबलं. तिच्याबरोबर तोही एक पाऊल पुढे आला. तिचं मनगट त्याने आता दोन्ही हातांनी धरलं होतं, आणि चेहरा गाडीतल्याहून वाईट झाला होता.

"अगं, नको ना," तो म्हणाला. "तू गेलीस तर मला यावं लागेल."

आणि तो आला असता. बारकीला त्यात तिळमात्र शंका नव्हती. ती मागे सरली.

"हं, इथेच बरं," तो सुटकेने म्हणाला. हळूहळू त्याची पकड सैल झाली. "बघ, किती छान वाटतंय. तू चोवीस वर्षं इथे एकटी उभी असायचीस. मला आता एवढं बरं वाटतंय म्हणून सांगू! आता काही काळजी नाही. आता दरवर्षी मी आहे. दादा म्हणत होते हिवाळ्यातही येऊ या. येऊ या ना?"

"येऊ या," बारकी म्हणाली.

आणि मग पुढच्या खेपेला किती वाजता निघायचं, कुठल्या वळणावर आधीच थांबून घ्यायचं, लिंबाऐवजी आलं बरं पडेल का, हे तो सांगायला लागला, आणि ती गुडघाभर पाण्यात उभी राहून ऐकत राहिली.